लहानूमामाचे पुढचे चार दात

लहानूमामाच्या वरच्या ओळीतले पुढचे चार दात डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी सकाळी साडेअकराला गेले, आणि ते मंजुषाने घालवले. काढले डॉक्टरांनी हे खरं, पण घालवले मंजुषाने. कोणीही विचारलं तरी ती असंच सांगते, आणि ऐकणारा म्हणतो, "अगं, दातच तर आहेत!" तिथेच सगळं अडतं. कारण लहानूमामा क्लॅरिनेट वाजवायचा, आणि क्लॅरिनेट नुसत्या फुंकरीवर वाजत नाही. त्याचं तोंडाकडचं काळं टोक वरच्या दातांनी धरायचं, खालचा ओठ त्याला बांधलेल्या वेताच्या पत्तीखाली गादीसारखा द्यायचा, तेव्हा सूर निघतो. मामाच्या क्लॅरिनेटच्या त्या काळ्या टोकावर दोन खळगे होते. चव्वेचाळीस वर्षं दात टेकून पडलेले.

आता मंजुषा कोण, तर बोरगाव मेघेतली दहावीतली मुलगी. मागच्या वर्षापर्यंत वर्गात हजेरी द्यायलाही लाजणारी. यंदा स्नेहसंमेलनाच्या दिवशी सूत्रसंचालन करणारी मुलगी तापाने झोपली, बाईंनी हिच्या हातात माईक कोंबला, आणि झालं! हिने अख्खा कार्यक्रम असा पेलला की पाहुण्यांनी भाषणात दोनदा हिचं नाव घेतलं. त्या दिवसापासून मंजुषाला ठाम वाटायला लागलं, की जगातलं कुठलंही काम आपल्या हाती आलं की ते मार्गी लागतंच. तिने बाबांच्या ऑफिसचे अर्ज लिहून दिले. गल्लीतल्या दोन भांडणांत निवाडा केला. आई म्हणायची, "हे पोरगी आता कलेक्टरलेही शिकवते!"

आणि लहानूमामा म्हणजे आईचा मोठा भाऊ. राहायचा रोहण्याला. शेती होती, ती करायचा, पण पंधराव्या वर्षापासून आर्वीच्या एका बँड पार्टीत क्लॅरिनेटही वाजवायचा. घरात हे कोणाला फारसं रुचत नव्हतं. आपल्या माणसाने लाल कोट घालून दुसऱ्याच्या वरातीपुढे चालावं हे आईला लाजिरवाणं वाटायचं. पाहुण्यांनी विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं, "दादा शेती करतात." दोन वर्षांपूर्वी डीजेने बँड बंद पाडला, तेव्हा आईला मनातून बरंच वाटलं असेल. मामी नव्हती, मूलबाळ नव्हतं. मामा दर शनिवारी एसटीने बहिणीकडे यायचा, सोमवारी परत जायचा. पिशवीत वांगी, कोथिंबीर, आणि खाली फडक्यात गुंडाळलेलं क्लॅरिनेट.

समोरच्या घरातली इलाताई हंगेरीत, बुडापेस्टला, डॉक्टरकी शिकत होती, आणि संध्याकाळी एका संगीत क्लबच्या दारात बसून तिकिटं फाडायची. क्लब एका जुन्या इमारतीच्या तळघरात. विटांच्या कमानी, लहान लहान टेबलं, चाळीसेक माणसं मावतील एवढी जागा. तिथे रोज जॅझ. रविवारचा दुपारचा कार्यक्रम ते लोक मोबाईलवर थेट दाखवायचे. तिकडचे तीन म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. इलाताईने मंजुषाला लिंक पाठवली होती. मंजुषाने पहिल्यांदा पाच मिनिटं पाहिलं आणि तिला वाटलं, हे लोक अजून वाद्यं जुळवून राहिलेत.

पण त्या रविवारी मामा बाजूला बसून पोहे खात होता. पडद्यावर एक टकला म्हातारा पियानोवर वाकला होता, एक बाई माणसाएवढं उंच व्हायोलिन उभं धरून बोटांनी छेडत होती, आणि तिसरा माणूस ड्रमवर काठीऐवजी तारांचा झाडू फिरवत होता.

"थांब, पोट्टे," मामा म्हणाला. "वाढव आवाज."

तिने वाढवला. मामाचा चमचा बशीतच राहिला.

"अवो माय! हे तं मोकळं वाजवून राह्यले!"

मोकळं म्हणजे काय ते मामाने तिला त्या दिवशी सांगितलं. वरात चौकात अडते. पोट्टे नाचत असतात, घोडीला पाणी पाजायचं असतं, मुलीकडचे लोक हार घेऊन आलेले नसतात. गाणं तर संपत आलेलं. मग बँडचा मास्तर एक बोट वर करतो. बाकीचे नुसता ठेका धरतात, आणि क्लॅरिनेटवाला त्या गाण्याच्या रस्त्यावरून बाजूच्या शेतात उतरतो, बांधाबांधाने फिरतो, विहिरीवर जातो, आंब्याखाली बसतो, आणि हार आले की बरोबर रस्त्यावर हजर.

"मास्तर म्हणे, लहानू, मोकळं धर. अन् मी धरो. एकदा पुलगावले पाऊण तास धरलं होतं. नवरीचा बाप रुसून बसला होता ना."

"मग?"

"मग काय! तो मानला, मी आलो गाण्यावर परत. कोणाले समजलंही नाई मी कुठं गेलतो ते."

"टाळ्या वाजवल्या असतील लोकांनी!"

"वरातीत क्लॅरिनेटले कोण टाळ्या वाजवते, बापा! लोकं पंगतीले पळतात."

तेवढ्यात पडद्यावर टाळ्या झाल्या. गाणं चालूच होतं, पण पियानोवाल्याने आपली फेरी संपवली होती आणि चाळीस माणसं त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होती.

"मधातच?" मामा म्हणाला. "गाणं संपू नाई देत?"

"त्या त्याच्या एकट्याच्या आहेत, मामा. त्याने मोकळं वाजवलं ना, त्याच्या."

मामाने मोबाईल जवळ ओढला. पोहे गार झाले. कार्यक्रम संपल्यावर त्याने म्हाताऱ्याचं नाव विचारलं. गाबोर, मंजुषाने सांगितलं. "गाभारे," मामा म्हणाला, आणि तेव्हापासून तो गाभारेच झाला, जणू आर्वीच्या पंचायत समितीत नोकरीला होता.

आता अशा वेळी मंजुषा गप्प बसणार का? तिने पुढच्या शनिवारी मामाचं मोकळं मोबाईलवर घेतलं, नुसता आवाज, सात मिनिटं, आणि इलाताईला धाडून दिलं. इलाताईने ते गाबोरला ऐकवलं. तीन दिवसांनी तिचा फोन आला तो किंचाळतच.

"मंजू! अगं, गाबोरने दोनदा ऐकलं! विचारतो, हा माणूस इतकी वर्षं होता कुठे?"

"रोहण्याला!"

"ऐक ना. महिन्यातून एका रविवारी आम्ही दूरच्या एका कलाकाराला मोठ्या पडद्यावर घेतो. आवाज पोचायला वेळ लागतो, म्हणून सोबत वाजवता येत नाही. तो एकटा पंधरा मिनिटं वाजवतो, मग गाबोर आणि बाकीचे त्याला उत्तर देतात. डिसेंबरचा तिसरा रविवार लहानूमामांचा. नक्की कर."

मंजुषाने मामाला सांगितलं तेव्हा तो अंगणात पाय धूत होता.

"मले?" तो म्हणाला. "काऊन?"

"काऊन म्हणजे? तू चांगला वाजवतो म्हणून!"

मामाने तांब्या खाली ठेवला आणि ओल्या पायांनीच तिच्याजवळ आला. मग म्हणाला, "शकूले, तुह्या मायले, सांगू नको एवढ्यात. हसन ते."

पण आई हसली नाही. तिने मामाचा पांढरा शर्ट निळीत घातला, यावरून काय ते समजा.

आणि मग आली रंगीत तालीम. मंजुषाने बैठकीच्या भिंतीला फिकी चादर लावली, दोन टेबललॅम्प समोरून सोडले, मोबाईल डब्यांच्या उतरंडीवर ठेवला. मामा बसला, हसला, वाजवायला लागला. तिने नंतर ते टीव्हीवर लावून पाहिलं, आणि मधेच थांबवलं. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन मामाचे पुढचे दात तपकिरी झालेले, दोन तर पुढे झुकलेले, मध्ये फट. एरवी कधी दिसलं नव्हतं, कारण मामा तो मामाच. पण टीव्हीवर दात एकेक वीतभर झाले होते.

"मामा," ती म्हणाली, "तिकडे तर याच्याहून मोठा पडदा आहे."

"मंग?"

"दातांचं काहीतरी करायला पाहिजे रे. परदेशातले लोक पाहतील. काय म्हणतील ते!"

हे वाक्य तिने हसत हसत म्हटलं होतं. सूत्रसंचालन करताना म्हणतात तसं, झटकन. मामाने हात ओठावर नेला. आयुष्यात पहिल्यांदा मंजुषाने त्याला तोंड झाकताना पाहिलं, आणि तरी ती थांबली नाही. उलट तिने दुसऱ्याच दिवशी शोधून काढलं की जवळच एका मंगल कार्यालयात दातांचं मोफत शिबिर आहे. फॉर्म मोबाईलवर भरायचा होता. तिनेच भरला. नाव, वय एकोणसाठ, गाव रोहणा. व्यवसाय? तिने लिहिलं, शेती. विचारसुद्धा केला नाही. घरात मामाबद्दल हेच सांगायची सवय होती, हात आपोआप चालला.

शिबिरातल्या डॉक्टरांनी दात हलवून पाहिले. चारही सैल होते. "काका, हे वर्षा-दोन वर्षांत जाणारच. आज काढून टाका, आठवड्यात कवळी बसवून देतो. एकदम सरळ, पांढरी." त्यांनी फॉर्म पाहिला, आणखी काही विचारलं नाही.

तुम्ही म्हणाल, मामाला कळायला नको होतं का? चव्वेचाळीस वर्षं वाजवणारा माणूस! तर त्याचंही ऐका. मामाच्या बँडचे मास्तर होते अण्णाजी. अण्णाजींना पूर्ण कवळी होती, आणि ते मरेपर्यंत ट्रम्पेट वाजवत होते. कवळी बसल्यावर तर त्यांचा आवाज आणखी चढला असं अख्खा बँड म्हणायचा. मामाच्या डोळ्यांपुढे अण्णाजी होते. शिवाय हलणाऱ्या दातांनी वरचे सूर धरताना त्याला कळ यायची. त्याला वाटलं, घट्ट दात आले तर आणखीच बरं. ट्रम्पेट ओठांवर बाहेरून टेकतो आणि क्लॅरिनेट तोंडात जातं, हा फरक त्याच्या ध्यानात आला नाही. बँडमधल्या कोणाच्याच कधी आला नव्हता, कारण कवळी लावून क्लॅरिनेट वाजवायची वेळ त्यांच्यात कोणावरच आली नव्हती.

"काढा," मामा म्हणाला.

मामा बहिणीकडेच थांबला, आठ दिवसांनी कवळी बसली. मामा आरशात पाहून असा हसला की आईने दृष्ट काढली. "दादा, नवरदेव दिसता!" मंजुषाने सतरा फोटो काढले. मग मामाने फडकं सोडलं, क्लॅरिनेट जोडलं, पत्ती जिभेवर ओली केली, आणि तोंडात धरलं.

कवळी वर उचलली गेली.

त्याने ती अंगठ्याने दाबली, परत धरलं. सूर निघाला, पण तो मामाचा नव्हता. लहान मूल झोपेत कण्हतं तसा होता. त्याने जरा जोर दिला, तर कवळी मागे सरकून टाळूला लागली आणि क्लॅरिनेट किंचाळलं.

"सवय नाई अजून," मामा म्हणाला.

चार दिवस तो सवय करत होता. सकाळ-दुपार, मागच्या खोलीत, दार लावून. बाहेर मंजुषा गणितं सोडवायच्या नावाखाली बसायची आणि तिला ऐकू यायचं, फुसफुस, किंचाळी, फुसफुस. पाचव्या दिवशी ती त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर भला माणूस होता. त्याने मामाला क्लॅरिनेट धरायला लावलं, तोंडात टॉर्च टाकून पाहिलं, आणि खुर्चीवर मागे टेकून बसला.

"काका, तुम्ही वाजवता हे आधी सांगायचं ना हो! मी ते दात काढलेच नसते. तारेने बांधून तीन-चार वर्षं तरी टिकवले असते."

"आता स्क्रूचे पक्के दात बसवा," मंजुषा म्हणाली. तिने ते सगळं रात्री वाचून काढलं होतं. "ते हलत नाहीत."

"त्याला हाड लागतं, बाळा. यांचं वरचं हाड पार झिजलंय. धरणार नाही."

"मग दुसरं काहीतरी. काहीतरी असेलच ना!"

डॉक्टरने टॉर्च खिशात ठेवला. त्याने फॉर्मचा छापील कागद उलटसुलट करून पाहिला, बहुधा स्वतःची चूक आहे का ते शोधत. "इथे शेती लिहिलंय," तो म्हणाला.

 मामा म्हणाला, "बरोबर आहे, डॉक्टरसायेब. शेतीच आहे माही."

परतताना सावंगीच्या वळणावर ऑटोत ती रडायला लागली. मामाने तिला समजावलं नाही, रागावलाही नाही. मांडीवरच्या क्लॅरिनेटचं फडकं सोडून पुन्हा घट्ट बांधत बसला. तेच जास्त वाईट होतं.

इलाताईला फोन केला. ती म्हणाली, पुढे ढकलू. पण मामाच नाही म्हणाला. "लोकं येऊन बसतीन. गाभारेने सांगून ठेवलं असन. मले खालचे पाच सूर येते. पाहू."

तिसऱ्या रविवारी, बरोबर साडेसातला, मोबाईलच्या पडद्यावर ते तळघर उघडलं. विटांच्या कमानी, टेबलांवर मेणबत्त्या, कोट उतरवून बसलेली माणसं. गाबोर माईकजवळ आला आणि हात जोडून म्हणाला, "नमस्ते, मास्तर लहानू." इलाताईने शिकवलं असणार. चाळिसाव्या वर्षी नाही, पन्नासाव्या वर्षी नाही, एकोणसाठाव्या वर्षी लहानूमामाला कोणीतरी मास्तर म्हटलं. मामाने नमस्कार केला. तो हसला, आणि दात काय सुंदर दिसले! एकदम सरळ, पांढरे.

त्याने खालून सुरुवात केली. पाच सुरांतच फिरायचं त्याने ठरवलं होतं. पहिले चार लागले. खरंच लागले, जाड आणि ओलसर, आणि मंजुषाने आईचा हात इतका दाबला की बांगडी रुतली. तळघरात कोणीतरी मान हलवली. आणि मग, सवयीने, पुढे काय येतं ते त्याच्या बोटांना ठाऊक होतं म्हणून, मामा वर गेला.

किंचाळी आली. मग नुसती हवा.

मामा थांबला. त्याने पडद्याकडे पाठ न करता, चाळीस माणसांसमोर, कवळी काढली, रुमालात ठेवली, आणि उघड्या हिरड्यांनी परत वाजवायला घेतलं. गाल आत गेले, मानेच्या शिरा फुगल्या. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा आवाज येत राहिला. तो एक मिनिटभर आला असेल. आई तोंडाला पदर लावून आत निघून गेली. मंजुषाला उठून मोबाईल बंद करता आला असता. माईक पेलणारी मंजुषा, निवाडे करणारी मंजुषा, तिचे हात मांडीवरच राहिले.

मामाने क्लॅरिनेट खाली ठेवलं आणि हात जोडले.

 तिकडे एकाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. हळू, सांभाळून, आजारी माणसाच्या खोलीत पाऊल टाकावं तशा टाळ्या.

"हे कायच्या टाळ्या व्हय?" मामाने विचारलं. दातांशिवाय त्याचे शब्द पातळ झाले होते.

मंजुषाने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

मग गाबोर पियानोवर बसला. त्याने मामाचे ते चार सूर घेतले, तेच, जसेच्या तसे, आणि त्यांवरून तो निघाला. बाईने तारा छेडल्या, झाडू फिरायला लागला. ते मामाच्या शेतातच उतरले होते, पण मामा बांधावर बसला होता. सगळं वाजवून झाल्यावर टाळ्या झाल्या, या वेळी खऱ्या.

"चांगलं वाजवते गाभारे," मामा म्हणाला. कवळी धुऊन घातली आणि मंजुषाकडे वळला. "दात तं चांगले दिसले नं, पोट्टे?"

"हो, मामा," ती म्हणाली.

जेवताना त्याने पोळी वरणात भिजवून खाल्ली. आई ताटात वाढत राहिली, तो पुरे म्हणत राहिला. मंजुषाच्या मोबाईलवर इलाताईचा मेसेज आला, गाबोर विचारतोय, एप्रिलमधला एक रविवार मास्तर लहानूंसाठी ठेवू का. मंजुषाने वाचून दाखवला, आणि तिला क्षणभर वाटलं, आहे की अजून वेळ, चार महिने आहेत, काही ना काही होईल.

"लिही," मामा म्हणाला. "म्हणा, मामाचं वाजवणं संपलं. तो रविवार दुसऱ्या कोणाले द्या."

तिने लिहिलं, मामांचं वाजवणं सध्या थांबलं आहे. पाठवायच्या आधी मामाने हात पुढे केला. चष्मा कपाळावरून खाली घेतला, एकेक अक्षर वाचलं आणि मोबाईल परत दिला.

"सध्या काढ," तो म्हणाला. "अन् थांबलं नाई, संपलं. मी म्हटलं तेच लिही."

मंजुषाने पुसलं, लिहिलं आणि पाठवलं. दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. मामा हात धुवायला उठला.